एकाची पन्नास, दुसऱ्याचं एकही नाही: प्राडो असं का भरलं?

प्रश्न असा आहे: "माद्रिदला जाऊन प्राडो बघून आलो. टिशियन, रुबेन्स, व्हेलास्केझ, गोया या चित्रकारांनी दालनंच्या दालनं भरलेली. रेम्ब्रांट मात्र एकच, आणि व्हर्मीर तर शोधूनही सापडला नाही. एवढं नावाजलेलं संग्रहालय इतकं एकांगी कसं? शिवाय बॉशच्या प्रसिद्ध चित्राखाली प्राडोचं नाही, दुसऱ्याच खात्याचं नाव मालक म्हणून लिहिलं होतं. ही काय भानगड?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. प्राडोत जे दिसतं ते संग्रहालय म्हणून कुणी जमवलेलंच नव्हतं. ते एका घरातलं सामान आहे. घर राजाचं होतं, त्यामुळे सामान भारी, पण सामानच. लग्नं, वाटण्या, लढाया, आगी, जप्ती, एखाद्या राणीची हौस, एखाद्या राजाचा सोवळेपणा, या सगळ्यातून जे उरलं ते भिंतीवर आहे. त्याला "कलेच्या इतिहासाचा आढावा" समजून बघायला गेलं की भोकं दिसतात. घराण्याचं दप्तर म्हणून बघितलं तर तीच भोकं वाचता येतात.

हे मी पुस्तकं वाचून म्हणत नाही. माझी बरीचशी नोकरी आपल्याकडच्या माजी संस्थानांच्या संग्रहांच्या याद्या जुळवण्यात गेली. एका हातात जामदारखान्याची मोडीतली यादी, दुसऱ्या हातात विजेरी, आणि समोर धूळ खात पडलेली चित्रं. त्या याद्यांमध्ये चित्रकाराचं नाव क्वचितच असतं. "तसबीर विलायती, बाई पंखा घेऊन बसलेली, चौकट मुलाम्याची, काच तडकलेली, नग 1." बस्स. कारकुनाला बाई कोण आणि काढली कुणी याच्याशी देणंघेणं नाही. उद्या नग कमी भरला तर जाब त्याला द्यायचाय, म्हणून चौकटीचा मुलामा आणि काचेची तड तो लिहून ठेवतो.

स्पेनच्या राजवाड्यातल्या याद्या पहिल्यांदा नीट वाचल्या तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं. तिथेही राजा वारला की सगळ्या चीजवस्तूंची मोजदाद आणि किंमत व्हायची. फेलिपे चौथा वारल्यावर 1666 मध्ये जी यादी झाली, तिच्यात आज जगभर 'लास मेनिनास' म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे. कसं? इतकं उंच, इतकं रुंद, सोनेरी कोरीव चौकट, सम्राज्ञी आणि तिच्या सख्या, आणि एक ठेंगणी बाई, काढणारा व्हेलास्केझ. चित्रातली पाच वर्षांची मार्गारिता तोवर पवित्र रोमन सम्राटाची बायको झाली होती, म्हणून यादीत ती सम्राज्ञी. 'लास मेनिनास' हे नाव छापील सूचीत आलं ते थेट 1843 मध्ये. म्हणजे चित्र 1656 चं, आणि जवळजवळ दोनशे वर्षं ते "राजाचं कुटुंब" असल्याच काहीतरी नावाने नांदलं.

आता तुमच्या टिशियन-रुबेन्सकडे येऊ.

सम्राट कार्लोस पाचवा याला टिशियनचा हात आवडला आणि पुढे त्याच्या मुलाने, फेलिपे दुसऱ्याने, तो नाद वारसाहक्कासारखा चालवला. म्यूलबर्गच्या लढाईनंतर घोड्यावर बसलेला सम्राट टिशियनने 1548 मध्ये रंगवला. ते चित्र आजही प्राडोत आहे. फेलिपेने पुराणकथांवरची चित्रं त्याच्याकडून मागवली. टिशियन व्हेनिसचा, पण त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्पेनचं राजघराणं. म्हणून चाळीसच्या आसपास टिशियन माद्रिदमध्ये.

रुबेन्सचं गणित आणखी सोपं. तो अँटवर्पचा, आणि अँटवर्प तेव्हा स्पेनच्या ताब्यात. तो राजाचा प्रजाजनच. 1628-29 मध्ये माद्रिदला आला तो वाटाघाटींच्या कामाने, आणि इथे बसून राजवाड्यातल्या टिशियनच्या नकला करत राहिला. पुढे 1636 मध्ये फेलिपे चौथ्याने शिकारीच्या एका वाड्यासाठी त्याला साठावर पौराणिक प्रसंगांचं काम दिलं. 1640 मध्ये रुबेन्स वारल्यावर त्याच्या मालमत्तेच्या विक्रीतूनही राजाने चित्रं उचलली; त्याने स्वतःजवळ ठेवलेल्या 'तीन ग्रेसेस', म्हणजे पुराणातल्या तीन नग्न सौंदर्यदेवता, त्यातल्याच. नव्वदच्या आसपास रुबेन्स एका छपराखाली यायला हे एवढं पुरेसं होतं.

आणि रेम्ब्रांट? ॲम्स्टरडॅम अँटवर्पपासून फार लांब नाही. पण मध्ये सरहद्द होती आणि त्या सरहद्दीवर लढाई. उत्तरेकडचे डच प्रांत स्पेनविरुद्ध उठले होते. ते बंड कायमचं मिटलं 1648 मध्ये, ऐंशी वर्षांनी. धर्म वेगळा, झेंडा वेगळा. माद्रिदच्या राजाने ज्यांना बंडखोर पाखंडी म्हणायचं, त्यांच्या चित्रकाराकडून तसबिरी कशा मागवायच्या? तिकडे चित्रंही घरगुती आकाराची, व्यापाऱ्यांच्या बैठकीत लावायची. राजवाड्याच्या भिंतीला ती पुरलीही नसती. प्राडोतला एकुलता एक रेम्ब्रांट, 1634 चं मेजाशी बसलेल्या बाईचं चित्र, राजसंग्रहात आला 1769 मध्ये, कार्लोस तिसऱ्याने एन्सेनादा नावाच्या मंत्र्याचा संग्रह घेतला तेव्हा. या चित्रातली बाई प्राचीन राणी आर्टेमिसिया की बायबलमधली ज्युडिथ, यावर तज्ज्ञांचा खल कित्येक वर्षं चालला. आता पाटी ज्युडिथची आहे. व्हर्मीरही त्याच डच प्रांतांतला, तेव्हा तो न सापडण्याचं कारण तुमचे डोळे नव्हेत, ऐंशी वर्षांचं युद्ध.

उलट दिशेनेही बघा. ज्या बॉशबद्दल तुम्ही विचारलंय, ते तीन फळ्यांचं 'ऐहिक सुखांची बाग', ते स्पेनला आलं त्याच बंडामुळे. मूळ चित्र ब्रसेल्सला नासाउ घराण्याच्या वाड्यात, म्हणजे बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज याच्याकडे. आल्बाचा ड्यूक बंड चिरडायला गेला आणि त्याने विल्यमची मालमत्ता जप्त केली. आल्बाकडून ते त्याच्या अनौरस मुलाकडे गेलं, आणि तो वारल्यावर त्याच्या सामानाच्या लिलावातून फेलिपे दुसऱ्याकडे. 1593 मध्ये राजाने ते एस्कोरियालला पाठवलं. एस्कोरियाल म्हणजे अर्धा मठ, अर्धा राजवाडा. नागडी माणसं फळांत घुसताहेत, डुकरीण जोगिणीचा पदर घालून बसलीय असलं चित्र साधूंच्या मठात! पण फेलिपेला बॉश पापाचा धडा म्हणून हवा होता, आणि त्याच्या श्रद्धेवर शंका घ्यायची कुणाची हिंमत नव्हती.

सगळ्यात मजेशीर गोष्ट इंग्लंडच्या चार्ल्स पहिल्याची. 1623 मध्ये हा युवराज असताना स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला माद्रिदला येऊन बसला. लग्न जुळलं नाही. पण पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून फेलिपे चौथ्याने त्याला टिशियनची चित्रं भेट दिली. त्यातलं एक सम्राट कार्लोस पाचवा आणि त्याचा मोठा कुत्रा, 1533 चं. चार्ल्सला चित्रांची चटक लागली ती बहुधा तिथेच. पुढे त्याने इटलीतल्या मान्तुआच्या गोन्झागा घराण्याचा संग्रहच घेऊन टाकला. मग यादवी, 1649 च्या जानेवारीत त्याचा शिरच्छेद, आणि नव्या सरकारने त्याचं सामान विकायला काढलं. लंडनमधला स्पेनचा वकील, आलोन्सो दे कार्देनास, बाजारात उतरला. एका राजाचं डोकं उडवणाऱ्यांकडून दुसऱ्या राजासाठी खरेदी करायची म्हणजे काम बोभाटा न करता उरकायला हवं. त्या खरेदीतून आलेली चित्रं तुम्ही पाहिलीत: मान्तेन्याचं मेरीचं निधन, ड्यूररचं 1498 चं स्वतःचं चित्र, तिन्तोरेत्तोचं, ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतोय ते लांबलचक चित्र, राफाएलचं पवित्र कुटुंब. या शेवटच्याला राजाने आपल्या संग्रहातला मोती मानलं, म्हणून आजही त्याचं नाव 'ला पेर्ला'. आणि तो कुत्रेवाला कार्लोसही परत आला. आहेर म्हणून गेला, जुन्या बाजारातून घरी आला.

इथे एक आडवळण घेतो. लंडनची नॅशनल गॅलरी 1824 मध्ये उघडली ती राजाच्या चित्रांवर नाही, अँगरस्टीन नावाच्या सावकाराची 38 चित्रं सरकारने विकत घेऊन. म्हणून तिथे गेलात तर सगळे थोडे थोडे दिसतात: दोन व्हर्मीर, बरेच रेम्ब्रांट, टिशियन, सगळं. पुढच्या दोनशे वर्षांत जाणत्या माणसांनी भोकं हेरून बुजवली. पॅरिसचं लूव्र राजसंग्रहावरच उभं राहिलं, पण तिथे 1793 मध्ये क्रांतीने दार उघडलं आणि नंतर नेपोलियनने युरोपभरच्या लुटीची भर घातली. तिन्ही शहरांतली दालनं दिसायला सारखीच, पण पाया वेगळा, म्हणून माल वेगळा.

पुन्हा माद्रिद. 1734 च्या नाताळाच्या आदल्या रात्री जुना राजवाडा, अल्काझार, पेटला. राजाचं कुटुंब तिथे नव्हतं. चित्रं चौकटीतून कापून खिडक्यांतून खाली टाकली. पाचशेवर चित्रं जळाली. गोन्झागांकडून चार्ल्सकडे आणि तिथून माद्रिदला आलेले टिशियनचे रोमन सम्राट त्यात गेले. व्हेलास्केझचं मोरिस्कोंच्या, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मुसलमानांच्या, हकालपट्टीचं मोठं चित्रही गेलं. 'लास मेनिनास' वाचलं, पण राजकन्येच्या गालाला इजा झाली आणि पुढे दोन्ही बाजूंच्या कडाही छाटल्या गेल्या. पुढच्या वेळी त्या चित्रासमोर उभे राहाल तेव्हा तिचा डावा गाल जरा निरखून बघा. तिथला रंग व्हेलास्केझचा नाही, डागडुजी करणाऱ्याचा आहे.

आगीतून जे वाचलं ते सोवळेपणातून वाचायचं होतं. कार्लोस तिसऱ्याला नग्न चित्रं खपत नव्हती. 1762 मध्ये ती जाळायची ठरली होती, दरबारी चित्रकार मेंग्ज मध्ये पडला म्हणून टळलं. तीस वर्षांनी त्याच्या मुलाने, कार्लोस चौथ्याने, तोच विषय काढला. या वेळी सांताक्रूझच्या मार्क्विसने तोड काढली: जाळू नका, कला अकादमीत कुलपात ठेवा, विद्यार्थ्यांना अंगाचा अभ्यास होईल. टिशियनची दानाए, रुबेन्सच्या त्या तीन ग्रेसेस, ड्यूररचे आदम आणि इव्ह, सगळे आत. 1827 मध्ये हीच मंडळी प्राडोत आली तेव्हाही त्यांना "राखीव खोली" होती, 1838 पर्यंत. म्हणजे संग्रहालय सार्वजनिक झाल्यावरही अकरा वर्षं जनतेला ते दार बंद.

संग्रहालय सुरू कसं झालं? कल्पना पहिल्यांदा कागदावर उतरली ती, स्पॅनिश लोकांना आजही आवडत नाही, पण जोसेफ बोनापार्टच्या हुकमाने, 1809 मध्ये. नेपोलियनचा हा भाऊ गादीवर बसला होता. संग्रहालय झालं नाही, पण पळून जाताना त्याच्या सामानात दोनशेवर चित्रं गुंडाळलेली होती. 21 जून 1813 ला व्हिटोरियाच्या लढाईत ती इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या हाती लागली. वेलिंग्टनने परत करायची तयारी दाखवली. फर्नांदो सातव्याने राहू द्या म्हटलं. व्हेलास्केझचा पाणीवाला आज लंडनला वेलिंग्टनच्या घरात आहे तो या दिलदारीमुळे. घरातलं सामान पाहुण्याला देऊन टाकायची ही खोड घराण्यात जुनीच म्हणायची.

जी इमारत आज प्राडो म्हणून ओळखतात ती हुआन दे व्हियानुएव्हाने 1785 मध्ये आखली ती निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी. फ्रेंचांनी तिथे घोडदळ ठेवलं आणि छपरावरचं शिसं गोळ्यांसाठी उतरवलं. त्या पडक्या इमारतीत राजाची चित्रं लावायची यामागे फर्नांदोची दुसरी राणी, पोर्तुगालची मारिया इसाबेल, होती असं मानतात. ती 1818 च्या डिसेंबरात वारली, संग्रहालय उघडलं 19 नोव्हेंबर 1819 ला. तिचं एक मोठं चित्र प्राडोतच आहे, बेर्नार्दो लोपेझने 1829 मध्ये काढलेलं: एक हात टेबलावर पसरलेल्या नकाशांवर, दुसरा हात खिडकीबाहेर दिसणाऱ्या इमारतीकडे. माणूस जाऊन अकरा वर्षं झाल्यावर काढलेलं हे चित्र. आपल्याकडच्या देणगीदारांच्या तसबिरी ज्यांनी पाहिल्यात त्यांना तो हात ओळखीचा वाटेल.

पहिल्या दिवशी तीन दालनांत 311 चित्रं होती, सगळी स्पॅनिश चित्रकारांची. राजवाड्यांतून आणलेली मात्र दीड हजार. उघडण्याची जाहिरात मला फार आवडते: पहिले आठ दिवस रोज, पावसाचे आणि चिखलाचे दिवस सोडून, नंतर दर बुधवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन. चिखल का, हे ज्याने कधी दालनाची फरशी पुसून घेतलीय त्याला विचारा.

आणि इथे लोक हमखास गफलत करतात: 1819 मध्ये लोकांना आत सोडलं, पण चित्रं लोकांची झाली नाहीत. मालक राजाच. याचा चटका बसला 1833 मध्ये, फर्नांदो वारल्यावर. मागे दोन मुली, इसाबेल आणि लुईसा फर्नांदा. गादी थोरलीची. पण चित्रं? ती गादीची की बापाची? बापाची असतील तर धाकटीचा हिस्सा निघतो. चक्क किंमत करायला माणसं बसली. आपल्याकडे वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीत देवघराचं काय करायचं यावर जसं अडतं, तसंच. 'लास मेनिनास' एकीला आणि 'ब्रेदाची शरणागती' दुसरीला असं होऊ शकलं असतं. अखेर थोरलीने धाकटीला मोबदला दिला आणि संग्रह अखंड राहिला. 1865 मध्ये कायद्याने राजगादीची मालमत्ता आणि राणीची खासगी मालमत्ता यांच्यात रेघ ओढली. 1868 मध्ये क्रांती होऊन इसाबेललाच देश सोडावा लागला, आणि मगच संग्रह राष्ट्राच्या नावावर चढला. म्हणजे दार उघडणं आणि सातबारा बदलणं यात जवळपास पन्नास वर्षं गेली.

चित्रकार एल ग्रेकोही तुम्ही भरपूर पाहिला असेल. तो बहुतेक राजाचा नाही. फेलिपे दुसऱ्याने त्याच्याकडून एस्कोरियालसाठी संत मॉरिसचं हौतात्म्य काढून घेतलं, ते 1582 मध्ये हाती आलं, आणि राजाला रुचलं नाही. पुढचं काम मिळालं नाही. तो तोलेदोच्या चर्च-मठांसाठी रंगवत राहिला. 1830 च्या दशकात सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, त्यांतली चित्रं माद्रिदला 'त्रिनिदाद' नावाच्या वेगळ्या संग्रहालयात जमा झाली, आणि ते 1872 मध्ये प्राडोत विलीन झालं. तेव्हा प्राडोत दोन ओघ आहेत, राजवाड्याचा आणि मठांचा. दुसऱ्या ओघातलं इतकं आलं की ठेवायला जागा नव्हती. हजारो चित्रं देशभरच्या कचेऱ्यांत, विद्यापीठांत, गावोगावच्या संग्रहालयांत दिली गेली. त्यातल्या काहींचा माग पुढे काढावा लागला. नोंद न करता उसनं दिलेलं चित्र परत येत नाही, हा आमच्या धंद्यातला सार्वत्रिक नियम आहे.

गोयाचं सांगायलाच हवं. तो दरबारी चित्रकार, पण सुरुवातीची कित्येक वर्षं त्याचं काम होतं शाही विणकामखान्यासाठी नमुने काढणं. भिंतीवर लावायचे गालिचे विणणाऱ्यांनी समोर ठेवायचे ते नमुने. छत्री धरलेला पोऱ्या, पतंग उडवणारे, आंधळी कोशिंबीर, साठाहून अधिक मोठे कॅनव्हास. गालिचा विणून झाला की नमुन्याची किंमत संपली. ते गुंडाळून राजवाड्याच्या तळघरात पडले, कुणाला आठवणही राहिली नाही. 1869 च्या सुमारास, राणी गेल्यावर, तळघरं तपासताना ते सापडले आणि 1870 मध्ये प्राडोत आले. आज त्यांना स्वतंत्र दालनं आहेत. आपल्याकडेही जुन्या वाड्यात मी आधी माडीवरचा दिवाणखाना बघत नाही, माळा आणि जिन्याखालची खोली बघतो, ते याचसाठी.

आता बॉशखालच्या त्या पाटीचं. 1868 नंतर सगळं राष्ट्राचं झालं हे खरं, पण राष्ट्राच्याही दोन कोठ्या राहिल्या. राजवाडे, एस्कोरियाल, राजघराण्याने स्थापलेले मठ आणि त्यांच्यातल्या वस्तू वेगळ्या सरकारी खात्याकडे आहेत. आज त्याचं नाव पात्रिमोनियो नासिओनाल. 'बाग' 1933 मध्ये डागडुजीसाठी एस्कोरियालहून प्राडोत आलं आणि राहिलं. रोहियर व्हॅन डर वेडेनचं 'क्रूसावरून उतरवणं' 1939 पासून प्राडोत आहे. ही आणि आणखी दोन चित्रं, बॉशचं सात पापांचं मेज आणि तिन्तोरेत्तोचं पाय धुण्याचं चित्र, कागदोपत्री प्राडोकडे ठेवीची आहेत. माद्रिदच्या राजवाड्याशेजारी राजसंग्रहाचं नवं दालन उभारताना, 2014 मध्ये, त्या खात्याने चारही परत मागितली. प्राडोने सोडली नाहीत. नवं दालन 2023 मध्ये उघडलं, ती चित्रं सोडून. माझं मत विचाराल तर ती जिथे आहेत तिथेच राहावीत, कारण ती बघण्यासाठी शेजारी जे लागतं ते सगळं प्राडोत आहे. पण कागद पाहिला तर मागणाऱ्याची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आपल्या इकडचं एक उदाहरण देतो, कारण ते नेमकं उलटं आहे. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी 1894 मध्ये संग्रहालय उघडलं आणि पुढे त्याला जोडून चित्रदालन बांधलं. त्यातली युरोपीय चित्रं वंशपरंपरेने आलेली नव्हती. लंडनचा कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन याच्याकडून मुद्दाम निवडून घेतली, लोकांना युरोपच्या निरनिराळ्या शैलींचा नमुना दिसावा म्हणून. त्यामुळे तिथे बऱ्याच प्रकारचं थोडंथोडं आहे. राजवाड्यातल्या रवि वर्मांच्या तसबिरी मात्र घराण्याकडेच राहिल्या. औंधला पंतप्रतिनिधी भवानराव स्वतः हातात कुंचला धरणारे. त्यांनी यमाईच्या डोंगरावर 1938 मध्ये संग्रहालय उभं केलं, आणि तिथल्या निवडीत एका चित्रकाराची आवड पावलोपावली दिसते. बडोद्याच्या दालनात शिक्षक भेटतो, औंधला चित्रकार. प्राडोत घराणं भेटतं, तेही तीनशे वर्षांचं.

शेवटी एक बघायची युक्ती. जुन्या राजसंग्रहातल्या पुष्कळ चित्रांच्या खालच्या कोपऱ्यात, थेट रंगावर, पांढरा किंवा तांबूस आकडा दिसतो. तो यादीतला क्रमांक. मागच्या बाजूला का नाही लिहिला? कारण कॅनव्हास जीर्ण झाला की मागून दुसरा कॅनव्हास चिकटवतात आणि मागचं सगळं लिखाण त्याखाली जातं, पुढचं राहतं. हे मला तिशीत असताना कळायला हवं होतं. एका वाड्यातल्या स्त्रीच्या तसबिरीच्या कोपऱ्यातला पुसट डाग मी मळ समजून द्रावणाने साफ करायला घेतला. दोन बोळे फिरल्यावर ध्यानात आलं की तो 7 चा आकडा होता, आणि त्याच्या अलीकडे आणखी काहीतरी होतं ते माझ्या बोळ्यावर आलं होतं. यादीत 17 वरही "बाई बसलेली" होती आणि 27 वरही. ती कोणती, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

असा एक लेप मात्र काढायलाच हवा होता, तो प्राडोतल्या मोनालिसाच्या नकलेवरचा. राजसंग्रहात ती 1666 पासून नोंदलेली. काळ्या पार्श्वभूमीवरची एक बरी नक्कल म्हणून दोनशे वर्षं कुणी फारसं थांबत नसे. लूव्रने प्रदर्शनासाठी मागितली म्हणून तपासायला घेतली, तर काळा रंग नंतरचा निघाला. तो उतरवल्यावर मागे लूव्रच्या मूळ चित्रातलाच डोंगर आणि वळणाची वाट. अवरक्त किरणांखाली पाहिल्यावर रंगाखालच्या रेखाटनातल्या दुरुस्त्याही मूळ चित्रातल्यासारख्याच. म्हणजे लिओनार्दो खोडत होता तेव्हा शेजारी बसलेला शिष्यही तेच खोडत होता. 2012 मध्ये हे जाहीर झालं. भुवया बघायच्या असतील तर पॅरिसला नाही, माद्रिदला जा.

आणि कोपऱ्यांकडे वाकून बघायला लागलात की आकड्यांशेजारी कधी एक छोटं लिलीचं फूल दिसेल, कधी तिरपी फुली. फेलिपे पाचवा आणि त्याची दुसरी राणी इसाबेल फार्नेसे, दोघं आपापल्या पैशाने चित्रं घेत आणि खुणाही वेगळ्या ठेवत. फुली नवऱ्याची, फूल बायकोचं. दरबार 1729 ते 33 सेव्हियाला होता तेव्हा तिला तिथल्या मुरिल्यो या चित्रकाराची गोडी लागली. आज प्राडोतल्या मुरिल्योंमध्ये फूलवाले बरेच आहेत. वाकताना फार जवळ मात्र जाऊ नका, पहारेकरी लगेच हटकतात.